आमटी निवते आहे

लोक जुने झाले म्हणून जे वायफायचे राऊटर भंगारात टाकत, ते भाट्याचा आत्माराम गोळा करून आणायचा. आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसायचा, हौशी रेडिओवाल्यांचं घालायचा, अँटेनाच्या जागी छपरावर उंच दांडा चढवायचा. असं करत त्याने खाडीपलीकडे राजिवड्यात अयूबच्या गच्चीपर्यंत आणि पुढे रेडिओवाल्यांच्या क्लबपर्यंत जाळं जोडलं होतं. वादळात मोबाईलचे मनोरे आडवे झाले तरी हे चालेल, असं तो येईल त्याला ऐकवी.

नियमांचा मात्र कडक. प्रत्येक राऊटरला नाव द्यायचं ते मालकाच्या कॉलसाइनचं, म्हणजे परवान्याबरोबर सरकारने दिलेल्या अक्षरांचं. जाळ्यावर धंद्याचं बोलायचं नाही. अयूबने एकदा पापलेटचा भाव विचारला, तर "ज्याचं नाव त्याची जबाबदारी" म्हणत याने जुन्या दोस्ताला आठवडाभर जाळ्यावरून हाकलला. पालीचे एक सभासद वारले, तेव्हा स्मशानातून येऊन आंघोळीच्या आधी त्यांचं नाव पुसलं. म्हणाला, "मेलेल्या माणसाला परवाना नसतो."

बिनपरवाना बोलता येत नाही म्हणून बायकोलाही, निशिगंधालाही, त्याने परीक्षेला बसवलं. ती पास झाली आणि जाळ्यावर एकच वाक्य लिहू लागली, "जेवायला या, आमटी निवते आहे." कारण हा दुपार झाली तरी अयूबच्या गच्चीवर. रोज लिहून ती कंटाळली, तेव्हा यानेच तिच्या राऊटरला ते वाक्य शिकवलं. दुपारी आपोआप जायचं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुम्ही आणि तो डबा बोलत बसा. मी जेवून घेते."

गेल्या आषाढात निशिगंधा गेली. राऊटर बोलावत राहिला.

निरोप आला की आत्माराम गच्चीवरून उठे, पूल ओलांडून घरी येई आणि सकाळचा भात ताकाबरोबर खाई. नाव त्याने पुसलं नाही. उलट वीज गेली तर राऊटर बंद पडेल या धास्तीने त्याला सौर पत्रा आणि मोठी बॅटरी लावली. क्लबच्या चिटणीस भार्गवीने एकदा विषय काढला, "काका, काकूंचं नाव जाळ्याच्या नकाशावर अजून..."

"बघतो," तो म्हणाला. बघितलं नाही. अयूबने तर विचारलंच नाही.

यंदा क्लबात वादळाच्या तयारीचा सराव झाला. सरकारी साहेब आले, मुद्दाम वीज बंद केली. अयूबच्या गच्चीवरचा आणि क्लबचा बॅटरीवर टिकला, बाकी एकेक करत सगळ्यांचे राऊटर बसले, आत्मारामचा स्वतःचा तर पहिला. टेबलावरचा पडदा कोरा. दुपारी त्यावर निशिगंधाच्या कॉलसाइनपुढे एकच ओळ उमटली, जेवायला या, आमटी निवते आहे.

साहेब खूश. "वादळातसुद्धा बाईंचं डोकं बघा किती शांत! कोण आहेत या? सत्कार करू आपण. बोलवा त्यांना."

भार्गवी वायरी गुंडाळायला लागली. अयूब खिडकीबाहेर बघत राहिला.

"त्या यायच्या नाहीत," आत्माराम म्हणाला.

"का? कामात आहेत?"

"वारल्या. वर्ष झालं." हे वाक्य त्याने कुणासमोर पहिल्यांदाच उच्चारलं होतं. "नाव आज बदलतो, साहेब. नियम मोडला तो मी."

घरी येऊन त्याने तिचं नाव पुसलं आणि स्वतःचं घातलं. वाक्य पुसायला हात धजेना. आपल्या नावाने आपल्यालाच जेवायला बोलवू नये, असा नियम काही कुठे नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला नाही. दुपारी निरोप गेला, आणि थोड्या वेळाने दारात स्कूटर थांबली. अयूब, मागे डबा धरून बसलेली त्याची बायको कुलसुम.

"काय रे? इकडे कसे?"

"तूच बोलावलंस."

"ते आपोआप जातं, तुला ठाऊक आहे."

"आपोआप-बिपोआप मला सांगू नको. नाव कुणाचं होतं? ज्याचं नाव त्याची जबाबदारी. पापलेटाच्या वेळी कोण बोललेला हे?"

कुलसुम तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. तिने एकुलत्या एक पातेल्यावरचं झाकण उचललं. आत भात.

"भावजी, आमटी कुठाय?"

"आमटी... नाही केली."

"मग निवायची भीती नाही," म्हणत अयूबने चपला काढल्या.

आत्माराम फळीवरचे डबे एकेक उघडून बघायला लागला. डाळ कुठल्या डब्यात असते, ते त्याला माहीत नव्हतं.