मनगटाला लोंबणारी कातडी

थोरली प्लास्टिक सर्जन, पण दुपारभर उंदरांत असायची. उंदराला भूल द्यायची, पाठीवरच्या कातडीचा पट्टा तीन बाजूंनी सोडवायचा, चौथीकडून अंगाशी जोडलेला ठेवायचा आणि पुन्हा जागच्या जागी शिवायचा. त्या चौथ्या बाजूने आलेलं रक्त टोकापर्यंत पोचलं तर कातडी जगते, नाहीतर टोक काळं पडतं. ते टोक कसं वाचवायचं, हा तिचा ध्यास. धाकटी बहीण तिला उंदीरताई म्हणायची.

ही धाकटी नवऱ्याचा मार खाऊन, फुटका गाल घेऊन थोरलीकडे राहायला आली. पाठोपाठ नवरा थेट थोरलीच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत.

"ताई, ती कुठेय?"

ते तुम्हाला कळणार नाही, असं थोरलीने सांगितलं. त्याने स्टूल उचलून पिंजऱ्यांवर घातलं. ताजे टाके असलेले उंदीर फरशीवर सांडले, एक त्याच्या बुटाखाली फुटला. मग त्याने थोरलीचे केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. दात ओठातून आरपार गेला. पुन्हा आपटायला त्याने डोकं वर खेचलं, तेव्हा तिने सगळा जीव एकवटून त्याला मागे ढकललं.

तो काचेच्या कपाटावर कोसळला. हात काचेतून पलीकडे गेला आणि त्याने तो भीतीने हिसडून मागे ओढला. बाही उतरावी तशी हाताची कातडी सोलत खाली आली आणि मनगटाला लोंबत राहिली. रक्ताची चिळकांडी छताकडे उडाली. हात दुसऱ्याच कुणाचा असावा, तसा तो त्याच्याकडे बघत खाली बसला.

दार उघडं होतं. थोरली दारापर्यंत गेलीही. मग शिव्या घालत परत फिरली, त्याच्या दंडावर गुडघा रोवला आणि टॉवेल करकचून बांधला.

"हलू नकोस, मेल्या."

त्याला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, पण तिच्या विभागाचे मोठे सर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. फुटक्या ओठानिशी तिनेच कातडी धुऊन पसरली. ताण पडू नये म्हणून टाके सैल घातले. ती अंगाशी जोडलेली राहिली होती फक्त मनगटाकडे, म्हणजे रक्त उलटं, कोपराकडे चढणार. अशी कातडी सहसा टिकत नाही. या कातडीची कोपराकडची पट्टी काळी पडली, ती कापून काढावी लागली. बाकीची जगली.

धाकटीने हे सगळं ऐकून घेतलं.

"तू दारापर्यंत गेली होतीस ना?"

"हो."

"मग परत कशाला फिरलीस?"

ते रक्त बघून पाय आपोआप वळले, असं थोरली म्हणाली.

"त्याच हाताने मारायचा तो मला," धाकटी म्हणाली, आणि कपडे भरून मैत्रिणीकडे निघून गेली.

खटला उभा राहिला तेव्हा दोघी कोर्टात एकाच बाकावर बसल्या. त्याला तुरुंगवास झाला. कोर्टाबाहेर आल्यावर धाकटीने थोरलीच्या ओठावरचा वण नीट निरखला, पण तिच्याशी बोलायला धाकटीला आणखी पुष्कळ दिवस लागले.