सिंधूचं साटंलोटं

गणिताच्या तासाला सिंधूचे हात नेहमीच गार पडत. त्या दिवशी यमुताई बाईंनी तिलाच फळ्यापाशी बोलावलं. 'आठातून तीन गेले, पाच,' असं तिनं लिहिलं आणि घाबरून खाली 'तीनातून आठ गेले, पाच' असंही लिहून टाकलं. सहावीचा अख्खा वर्ग हसला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावर चिंचोके ठेवले. "बेरजेत मागचं पुढं केलं तरी चालते. गुणाकारात बी चालते. मग वजाबाकीत काहून नाही? तूच करून पाह्य."

सिंधूनं तीन चिंचोके मांडले आणि त्यांतून आठ काढायला गेली. तीन संपले. हात रिकाम्या टेबलावर घुटमळला, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"नाही चालत, बाई! काढाले काही उरतच नाही."

"हं. म्हणून अदलाबदल केली का उत्तर तेच येते, असं कोणी म्हटलं तरी लगेच मानायचं नाही. दोन्हीकडून करून पाहायचं."

कळमन्याला ती घरी आली, तर ओसरीवर मौद्याचे रुपराव बसलेले. आत चुलीपाशी त्यांची पोरगी प्रेमलता. सिंधूच्या भावाची बोटं गिरणीत तुटली होती, म्हणून त्याला कोणी मुलगी देत नव्हतं. रुपरावांच्या बिजवर मुलालाही देत नव्हतं. त्यावर जुनाच तोडगा निघाला होता. साटंलोटं. यांची पोर त्यांच्या घरात, त्यांची यांच्या घरात.

"एक देली, एक आणली. बरोबरी झाली ना गा!" बाहेर सिंधूचे वडील चंपतराव म्हणत होते.

सिंधू आत चुलीपाशी गेली. प्रेमलता तिच्या कानाशी कुजबुजली, "मले लय भेव वाटून राहिलं वं. माह्या भावाचा हात वाईट हाय. पहिलीले मारमार मारे. त्यानं तुले मारलं, तर तुह्या घरचे मले मारतीन."

सिंधूनं आईकडे पाहिलं. कौसल्या फडक्यातून चहा गाळत होती. तिचं लग्नही असंच झालं होतं. तिच्या भावाला सिंधूची आत्या दिलेली. तिकडे आत्यानं मार खाल्ल्याची बातमी आली की इकडे चंपतराव कौसल्येवर हात टाकत. पोरं कोपऱ्यात कान झाकून बसत.

सिंधू मनातल्या मनात दोन्हीकडून करून पाहू लागली. आपण तिकडे, प्रेमलता इकडे. तिकडचा मार इकडे, इकडचा तिकडे. बेरीज होत होती ती नुसती माराची.

"सिंधू, पाणी आण वं!" बाहेरून चंपतरावांची हाक आली.

तांब्या घेऊन ती ओसरीवर गेली. शब्द कसे निघाले, ते तिलाही कळलं नाही.

"बाबा, बरोबरी नाही होत. मामानं आत्याले मारलं का तुम्ही आईले मारता. त्यानं आत्याचा मार कमी झाला का?"

"पोरगी तोंडाळ दिसते," रुपराव म्हणाले. चंपतराव ताडकन उठले, हात उगारला. सिंधूनं डोळे गच्च मिटले.

मार पडला नाही. तिनं डोळे उघडले, तर मध्ये आई उभी होती.

"मले मारा," कौसल्या म्हणाली. "आज माह्या भावानं काही केलं नाही, तरी मारा. पण पोरगी मी देत नाही."

भिंतीशी बसलेला सिंधूचा भाऊ खाली मान घालून म्हणाला, "मले बी असं लगन नको, बाबा."

चंपतरावांचा हात हळूहळू खाली आला.

रुपरावांनी टोपी डोक्यावर ठेवली, प्रेमलतेचं मनगट धरलं आणि तिला ओढतच रस्त्याला लागले. तिनं वळून पाहिलं. सिंधू दाराची चौकट धरून उभी होती.

"आई, तिले आता घरी मारतीन का वं?"

कौसल्येनं लेकीला जवळ ओढलं. मौद्याची मोटार धूळ उडवत निघून गेली. तिच्यात बसलेल्या त्या पोरीच्या घरात, उगारलेल्या हाताच्या मध्ये उभं राहील असं कोण होतं?