मागच्या सीटवरचा हात

गुडघा दुखत होता काकींचा, आणि शिक्षा भोगत होतं सगळं घर.

खाडीच्या तोंडाशी काकींचं सायकलचं दुकान होतं. आठवडाभर सायकली भाड्याने द्यायच्या आणि रविवारी सकाळी हौशी मंडळींना घेऊन फेरीला निघायचं. आधी खाडीकाठची पाणथळ, मग समुद्राच्या कडेकडेने थेट दीपगृहापर्यंत. नवरा गेल्यापासून ही फेरी काकीच नेत आल्या होत्या. पण हल्ली चढ आला की गुडघा संप पुकारायचा. डॉक्टर म्हणाले, एकटीने सायकल बंद. काकींनी डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला, तेव्हा त्यांनी सगळी डॉक्टरकीच मोडीत काढली.

"फेरी मी नेते, आई," सून म्हणाली.

"ने की. आणि समुद्र कुठल्या बाजूला असतो ते कुणाला विचारशील?"

"जाताना डाव्या, येताना उजव्या," सून म्हणाली. तीही काही कच्चं मडकं नव्हती.

मुलगा एका चाकाचं पंक्चर काढत होता. त्याने मान आणखी खाली घातली. दोघींच्या मध्ये पडायचं नाही, एवढं एकच शहाणपण त्याला लग्नाने दिलं होतं, आणि ते तो जिवापाड जपत होता.

शेवटी तोड निघाली ती जोडसायकलीची. एकामागे एक दोन सीट, दोघांचे पाय एकाच चेनला. सून पुढे बसणार, काकी मागे.

"हा एक रविवार बघीन," काकींनी बजावलं. "जमलं तर फेरी तुझी. नाही जमलं तर फेरीच बंद. नुसत्या सायकली भाड्याने देऊ आणि गल्ल्यावर बसून माश्या मारू."

सुनेने जोडसायकलीच्या चाकात हवा भरायला घेतली. या दुकानात हिशेबही काकींचा आणि शब्दही काकींचा. आपलं म्हणता येईल असं एखादं काम तिला हवं होतं, आणि ते हेच होतं. काकींना हे दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलेलं सगळं कबूल करत बसलं तर माणसाचा धाक राहतो कुठे?

रविवारी दहा-बारा मंडळी जमली. एक दंतवैद्य, एक निवृत्त मास्तर, एक नवंकोरं जोडपं आणि बाकी नेहमीचे हौशे. काकी मागच्या सीटवर चढल्या आणि हँडल हलवून बघितलं.

"हे फिरत का नाही?"

"मागचं फिरत नसतं, आई."

"मग दिलंय कशाला?"

"धरायला."

"म्हणजे मी बसने चाललेय."

सुनेने मंडळींना नियम सांगितला. समुद्रावरचा वारा शब्द तोंडातून निघायच्या आत पळवून नेतो, म्हणून फेरीत सगळा कारभार हाताचा. जिकडे हात, तिकडे वळायचं. मग मान मागे वळवून ती हळूच म्हणाली, "आई, खाडीचं पाणी अडवणाऱ्या त्या झडपेच्या पुढचा बांध..."

"बांधाचं मला सांगू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी त्या बांधावरून सायकल हाकतेय."

निघाले. सकाळ कशी धुऊन वाळत घातल्यासारखी लख्ख होती. ओहोटी संपून भरती लागत होती, चिखलावरून पाण्याच्या जिभा पुढे सरकत होत्या, लव्हाळ्यात टिटव्या कुणाच्या तरी नावाने खडे फोडत होत्या. काकींना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सुनेची पाठ. घर असो की सायकल, आपण मागे आणि दुसरं कुणी पुढे, असा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात आला नव्हता. पायही जमेनात. सून पाय थांबवायची तेव्हा या मारायच्या, सून मारायची तेव्हा या रुसायच्या.

"आई, माझ्याबरोबर."

"तूच माझ्याबरोबर. वय बघ जरा."

पंपघराशी रस्ता फुटतो. डावीकडे डांबरी सडक समुद्राकडे जाते, उजवीकडे मातीचा बांध पाणथळीत शिरतो. काकींची फेरी कायम बांधावरून. मधे तीन महिने गुडघ्यापायी फेरी बंद होती, त्या इकडे फिरकल्या नव्हत्या, पण बांध काय कुठे पळून जाणार होता? आणि इथे त्यांच्या देखत सुनेचा डावा हात बाहेर आला.

डावा. म्हणजे बांध गाळून सरळ सडक. असली शेळपट फेरी काकींनी जन्मात नेली नव्हती. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, चांगला ताठ, पंचवीस वर्षांच्या सवयीचा.

हँडल अर्थातच सुनेचं ऐकून डावीकडे वळलं. सायकलीला चिकटून येणारे डावीकडे आले. पण जे बरेच मागे होते त्यांना लांबून दिसली ती काकींची भरदार पाठ आणि उजवा हात. ते पंपघराशी पोचेपर्यंत जोडसायकल वळणाआड गेली होती. त्यांनी हात पाहिला होता, ते उजवीकडे गेले.

चढावर पोचून सुनेने मागे पाहिलं आणि ब्रेक दाबले. अर्धी फेरी गायब.

"माझी बायको कुठेय?" नवा नवरा म्हणाला.

"मास्तरही नाहीत," दंतवैद्य म्हणाले. "काकींनी उजवा हात केला होता ना? मी म्हटलं, काकी आळस देतायत."

सुनेने वळून सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही हात केलात?"

"केला. बांधाशिवाय फेरी म्हणजे..."

"बांध फुटलाय. झडपेच्या पुढे मोठं खिंडार पडलंय. मी मंगळवारी बघून आले. सकाळी तेच सांगत होते तुम्हाला. आणि आता भरती चढतेय."

काकींनी उजवा हात हँडलवर घट्ट दाबून धरला.

सुनेने वेळ घालवला नाही. दंतवैद्यांना सांगितलं, समुद्र डाव्या हाताला ठेवून सरळ जा, दीपगृहाशी थांबा. नवा नवरा म्हणाला, मी येणार. सून म्हणाली, या. जोडसायकल उतारावरून उलटी सुटली.

बांध अरुंद. दोन्हीकडे पाणी, मधे सायकलपुरती वाट. "खड्डा," सून ओरडायची आणि काकी अंग आवरायच्या. "पाय थांबवा." काकी थांबवायच्या. "आता जोर." काकी जोर लावायच्या. उभं राहताना कुरकुरणारा गुडघा पायडलवर मुकाट गोल फिरत होता. समोरचं काही दिसत नव्हतं, आणि न दिसता दुसऱ्याच्या शब्दावर पाय मारायचे म्हणजे काय ते काकींना पहिल्यांदाच कळत होतं. बरं नव्हतं वाटत, पण सायकल मात्र अशी पळत होती की मागचा नवा नवरा केव्हाच ठिपका झाला होता.

झडप ओलांडली आणि मंडळी दिसली. बांध जिथे तुटला होता तिथे सायकली आडव्या पडल्या होत्या. निवृत्त मास्तर सायकलीसकट पुढे गेले असावेत, कारण ते गुडघाभर चिखलात रुतून उभे होते आणि तिथूनच बाकीच्यांना हातवारे करून काहीतरी शिकवत होते. पलीकडच्या उथळ पाण्यात लाल लांब पायांच्या शेकाट्यांचा थवा उतरला होता, नवी नवरी बसून बघत होती. घाबरलेलं कुणी नव्हतं. घाबरायला हवं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

सुनेने एका दमात सगळ्यांना उठवलं, सायकली वळवायला लावल्या. मग दोघा-तिघांनी मिळून मास्तरांना ओढलं. मास्तर आले, त्यांचा एक बूट तिथेच राहिला.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "निवृत्तीनंतर इतकी मजा पहिल्यांदाच आली."

सखल भागात पाणी वाटेला लागायच्या आत सगळे झडपेच्या अलीकडे परतले. नवा नवरा धापा टाकत समोरून आला, तर बायको म्हणाली, "तू कुठे राहिलास? सगळं हुकलं तुझं." मग ती काकींकडे वळली. "काकी, तुम्ही मुद्दामच इकडे पाठवलंत ना आम्हाला? त्या पक्ष्यांसाठी? काय जागा शोधलीत हो."

सगळे काकींकडे बघू लागले. सूनही बघत होती. हो म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही, अशी ती नुसती हँडल धरून उभी राहिली. एका शब्दाचं काम होतं. चूक झाकली गेली असती, वर वाहवा मिळाली असती, आणि फेरीत शब्द काकींचाच राहिला असता.

काकींनी पदर खोचला.

"मुद्दाम कसलं डोंबल," त्या म्हणाल्या. "चुकला माझा हात. हिने बरोबर दाखवलं होतं, मी मागून नाक खुपसलं. यापुढे पुढच्या सीटवरचा हात बघायचा. मागचा हात डास मारायला असतो."

मास्तर हसले, मग सगळेच हसले. सून हसली नाही. तिने पाठ फिरवली आणि उगाचच चेन नीट बसलीय का ते पाहिलं, बराच वेळ.

मग समुद्राची सडक लागली. उतार, वारा पाठीशी. सुनेचा हात डावीकडे गेला की सगळी ओळ डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. काकी मागे बसून होत्या. फेरी नेताना त्यांनी कायम खड्डे पाहिले होते, वळणं पाहिली होती, मागे कोण रेंगाळतंय ते पाहिलं होतं. आता बघायचं काहीच काम उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मान वळवून समुद्राकडे पाहिलं.

"अगं, हे बेट इथे कधी आलं?"

"पहिल्यापासून आहे, आई."

"खोटं सांगतेस."

"झाडंपण आहेत बघा त्यावर."

काकींनी झाडं बघितली. थोडा वेळ दोघींचे पाय एका लयीत फिरले.

"पुढच्या रविवारी मला नेणार असशील तर या सीटवर जाड गादी बसवून घे," काकी म्हणाल्या. "नेणार नसशील तर तसं सांग."

"नेईन. पण मधेमधे बोलायचं नाही."

"बोलणार," काकी म्हणाल्या. "हात नाही करणार."