पट्टीवरची शेवटची तारीख

मेहकरच्या कचेरीतले नारायणराव कारकून म्हणजे उठता-बसता बापाचं नाव घेणारा माणूस. बाप प्लेगात गेला एकोणीसशे सात साली, तेव्हा हे सहा महिन्यांचे. पण बापाचा आवाज घरात होता बरं का! कर्ण्याचा फोनोग्राफ, आणि त्यावर चढवायची मेणाची एक नळी. ह्याच पेटीपुढे बसून बापानं नळीत आवाज भरला, असं आईनं लहानपणापासून सांगितलेलं. दर सर्वपित्री अमावस्येला चावी दिली की आतून चिरका आवाज यायचा, "नारायण, बाळा, खूप शीक. आईला जप." सगळं घर हात जोडून बसायचं.

त्रेसष्ट साली नेमकी त्या सकाळीच चावी फिरेना. नारायणरावांनी पेटी उचलली आणि शेषराव मिस्त्रीच्या दुकानात नेऊन ठेवली.

"दुपारच्या आत चालू कर. आज घरातली एक पीडाही जातेय. दीडच्या लोणार गाडीनं मामा चाललेत."

पीडा कुणाला म्हणत होता हा गृहस्थ? आईच्या सख्ख्या भावाला! मोतीराममामानं नाटक कंपनीत नकला करण्यात जन्म घालवला. दात पडले, आवाज बसला, तेव्हा बहिणीच्या दारी आला आणि तीन वर्षं मागच्या खोलीत खोकत पडून होता. परवा नारायणरावांनी त्याला तोंडावर सांगितलं, हे माझ्या बापाचं घर आहे, नाटक्यांची धर्मशाळा नाही. लोणारला एखाद्या देवळात सोय बघा. आई, सत्यभामाबाई, रडल्या. पण ह्या शहाण्यापुढे कुणाचं चालायचं!

शेषरावानं पेटी उघडली. आतली स्प्रिंग जुन्या वंगणात नुसती चिकटली होती, तेल दिल्यावर सुटली. मग त्याची नजर कंपनीच्या पितळी पट्टीवर गेली. दर दसऱ्याला घरच्यांनी तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता चढवलेल्या. अर्धी पट्टी त्याखाली गडप झाली होती.

"काऊन हो साहेब, मारुतीवानी थापून ठेवलं हे?"

"वरचं साल दिसतं ना! अठराशे अठ्ठ्याण्णव. त्या साली बनलीय. इंग्रजी येतं मला."

"थे बनल्याचं साल नाही जी. कंपनीनं एकेक शोध सरकारात नोंदला, त्याच्या तारखा हायेत ह्या, एकाखाली एक. वरची वाचून काय फायदा? शेवटची पाहा लागते. तिच्या आंधी मशीन बनूच शकत नाही." बोलता बोलता त्यानं घासलेटचा बोळा फिरवला. "एकोणीसशे दोन... सहा... थांबा... दहा. एकोणीसशे दहा."

"चूक वाचलंस!"

"तुमीच पाहा."

नारायणरावांनी चष्मा पुसला, पट्टी उजेडात धरली. दहाच होतं.

"माहा बाप सात साली मेला बे!" ते ओरडले. एरवी पुस्तकी बोलणारा माणूस, पण सगळं पुस्तक क्षणात उतरलं. "मेल्यावर बोलला का तो?"

शेषरावानं पेटीचं झाकण लावून दिलं.

घरी आई वडे तळत होती. नारायणरावांनी पेटी तिच्यासमोरच आदळली.

"ह्याच्यात कोण बोलते? खरं सांग. बाप होता तवा ही पेटी बनलीच नव्हती."

सत्यभामाबाईंच्या हातातला झारा थांबला. कढईतला वडा काळा पडला.

"मोतीराम," त्या म्हणाल्या.

"मामा?"

"तू चार वर्षाचा होता. गल्लीतल्या पोराईले बाप हाका मारत, अन् तू रोज मले इचारे, माहा बाप कसा बोले? मोतीरामनं कमाई घालून पेटी आणली. ह्यांची बोलायची ढब मी सांगतली, त्यानं नक्कल केली. कोणाले सांगशील त माहं मेलेलं तोंड पाहशील, म्हणे."

"मंग परवा काऊन नाही बोलली, मी त्याले हाकललं तवा?"

"बोलणार होती. त्यानं हात जोडले माह्यापुढं. म्हणे, बाई, त्याचा बाप नको मारू."

नारायणराव मागच्या खोलीकडे धावले. खोली झाडून ठेवली होती. घोंगडी नीट घडी करून कोपऱ्यात. गाडीत जागा मिळावी म्हणून मामा कधीच निघून गेला होता. पानं वाढायची खोळंबली, पितर खोळंबले, आणि हे चपला न घालता भर बाजारातून पळत सुटले.

स्टँडवर गाडी सुरू झालेली. मामा मागच्या बाकावर होता, मांडीवर गाठोडं. धापा टाकत भाचा गाडीत चढलेला पाहिला आणि म्हातारा घाबरून उभाच राहिला. त्यानं गाठोड्याची गाठ सोडली. एक धोतर, एक बंडी, खोकल्याच्या औषधाची बाटली.

"पाहून घे नारायण," तो म्हणाला. "तुह्या घरातलं काईच नेलं नाही मी."

भरल्या गाडीत तो एकेक कपडा झटकून दाखवत राहिला, आणि नारायणराव त्याची घडी करून आपल्या काखेत मारत राहिले.