उद्याच्या तारखेचं रक्त

संध्याकाळ झाली की आमच्या रक्त तपासणी केंद्रात मुंगीला शिरायला जागा उरत नसे. सकाळी मात्र शुकशुकाट! कारण लोकांना उद्याचा रिपोर्ट हवा होता. उद्या मिळणारा नव्हे, खुद्द उद्याचा! संध्याकाळी रक्त दिलं की थोड्याच वेळात हाती पडणाऱ्या कागदावर दुसऱ्या दिवसाची तारीख असायची. नवा सर्व्हर बसवल्यापासून हा चमत्कार सुरू होता.

चमत्कार दिसला की बाबा उगवतोच. आमच्याकडे काळबाबा उगवले. प्रिंटरवर हात ठेवून ते डोळे मिटायचे. "हे यंत्र उद्याच्या पोटात शिरून बातमी आणतं! पण सूर्य मावळल्याशिवाय काळाचं दार उघडत नाही. ज्याचा उद्या निरोगी, त्याला आज औषध कशाला?"

मी तिथला डॉक्टर. "अहो, नुसती तारीख चुकतेय!" असं सांगून माझा घसा बसला. मालक म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही रक्ताचं बघा, गर्दीचं मी बघतो."

पण मग माझ्या मावशीनेच इन्सुलिन बंद केलं. 'उद्याच्या' रिपोर्टात साखर आटोक्यात होती ना! ती इन्सुलिनमुळेच आटोक्यात होती, हे कोण सांगणार? ग्लानीतल्या मावशीला इस्पितळात न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर ती पुटपुटली, "अरे, पण मी तर बरी होणार होते!"

माझं डोकं फिरलं. मी तडक वहिनीकडे गेलो. वहिनी एका कंपनीत सर्व्हर सांभाळतात.

"सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर. म्हणून तर सगळे चक्रावलेत."

"आणि सकाळच्या रिपोर्टवर आजचीच तारीख?" वहिनी हसल्या. "म्हणजे तुमचा देव काही तासच पुढे आहे, भावजी. पूर्वेकडच्या एखाद्या देशात राहतो वाटतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सर्व्हर तपासला. "हा लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीवर चालतो. कुठल्या प्रदेशाची वेळ धरायची, म्हणजे टाइम झोन, ते यात दोन ठिकाणी लिहिलंय. घड्याळ पहिल्या ठिकाणी बघतं, तिथे आपलीच वेळ आहे. तुमचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर मात्र दुसरी, जुनी फाइल वाचतं. सर्व्हर जिथे तयार झाला, त्या देशाचं नाव तिथे तसंच राहिलंय. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असते."

"मग दुरुस्त करा!"

"करते. पण आधी लोकांना बघू द्या."

सकाळीच चमत्कार होणार, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. बाबाही ऐटीत आले.

"बाबा, आज यंत्राला मागे पाठवते," वहिनी म्हणाल्या. "रक्त द्याल?"

सुई बघून बाबांचा चेहरा उतरला, पण भक्तांसमोर नाही कसं म्हणणार? रक्त दिलं. वहिनींनी त्या फाइलीत दूर पश्चिमेच्या देशाचं नाव लिहिलं, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने रिपोर्ट आला. तारीख कालची!

गर्दीतला शिंपी ओरडला, "काल तर बाबा दिवसभर माझ्या दुकानात कफनीची मापं देत होते! मग रक्त कधी दिलं?"

"माझा सूक्ष्म देह..." बाबा सुरू झाले आणि हशा उसळला.

मी बाबांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तुमची साखर बरीच वाढलीय. उद्याची वाट बघू नका."

बाबांनी त्याहून हळू आवाजात विचारलं, "गोळी कुठली घ्यायची?"

वहिनींनी सगळ्यांदेखत फाइलीत आपला टाइम झोन लिहिला. पुढच्या रिपोर्टवर आजची तारीख आली आणि चमत्कार संपला.

"म्हणजे आमचे आधीचे रिपोर्ट खोटे?" शिंप्याने विचारलं.

"आकडे खरे, तारीख खोटी," मी म्हणालो. "ज्या दिवशी रक्त दिलंत, त्या दिवशीची तुमची तब्येत त्यात आहे. पुढच्या दिवसाचं कुठल्याही यंत्राला कळत नाही, कुठल्याही बाबालाही नाही."

खजील झालेल्या मालकांनी दुपारपासून स्वतः फोन फिरवले आणि औषध सोडलेल्या एकेकाला परत बोलावलं.

माणसाने बनवलेलं यंत्र चुकतं आणि माणूसच ते दुरुस्त करतो. तेव्हा नवल वाटलं तर जरूर वाटू द्या. पण हात जोडण्याआधी एकदा विचारा, "हे झालं कसं?"