पत्र्यावरचे चिरे

आनंदा मोपाच्या कातळसड्यावरच्या चिरेखाणीत कामाला होता आणि वाऱ्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं, जांभ्या दगडाचा चिरा. मोबाईलवर वादळाचा यलो अलर्ट आला, तशी त्याने झोपडीच्या पत्र्यावर चिऱ्यांची एक ओळ मांडली. ऑरेंज झाल्यावर दुसरी चढवली. आजऱ्याला त्याचा बाप पत्र्यावर दगडच ठेवायचा, आणि इथे तर दगडाला काही तोटा नव्हता.

खाली बाजेवर हौसा आठवड्याच्या लेकीला घेऊन पडली होती. बारशापर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं सासूने गावाहून फोनवर बजावलं होतं. पडल्यापडल्या बघणार काय, तर पत्रा. कालपर्यंत सरळ असलेला मधला वासा आज वाकला होता. तिने दोनदा सांगूनही पाहिलं, पण नवऱ्याने ते कानाआड केलं.

दुपारी रेड अलर्ट आला. गावचे पंच सगुण टेम्पो घेऊन दारात उभे राहिले.

"चला शाळेत. वारो मोठो येतलो."

"आमी न्हाई येत," आनंदा छपरावरूनच म्हणाला. तो तिसरी ओळ लावत होता. "घरात बाळंतीण हाय. आन् ह्यो पत्रा आता हत्ती आला तरी हलायचा न्हाई."

तेवढ्यात वासा कुरकुरला. हौसाला सासूची भीती वाटायची, पण त्या आवाजाची जास्त वाटली. तिने लेकीला दुपट्यात गुंडाळलं आणि उंबरा ओलांडला.

"अगं, आई काय म्हणंल?"

"त्यास्नी काय सांगायचं ते तुमी सांगा. मी निघाले."

आनंदा बडबडत खाली उतरला आणि टेम्पोत चढला. टेम्पो शाळेकडे वळेपर्यंत तो मागे पत्र्याकडेच बघत होता.

वादळ सरल्यावर सकाळी ते परत आले. खाणीवरच्या बाकी झोपड्यांचे पत्रे उडून काजूच्या झाडांत अडकले होते. आनंदाचा मात्र उडाला नव्हता. तो चिऱ्यांसकट सरळ खाली आला होता. बाज त्याच्याखाली पार चेपून गेली होती.

आनंदाने एक चिरा उचलला, बाजूला ठेवला आणि तिथेच खाली बसला. हौसाला रात्रभर त्याचा राग होता. त्याचं तोंड बघून तिला रडूच आलं. तिने लेक त्याच्यापुढे धरली.

"घ्या की जरा."

"नगं," तो म्हणाला. "हात कापत्यात. सुटंल हातनं."