चकतीखालचा अंगठा

दातांच्या डॉक्टरने खोका टेबलावर आपटला तिथेच आईचं डोकं फिरलं. खेळातल्या बोटाएवढ्या सैनिकांच्या मिशा ती जिथे रंगवायची, त्या टेबलाजवळ घरातली माणसं शिंकतसुद्धा नसत.

"हे तुमच्या हातचं नाही," डॉक्टर म्हणाला. "भलत्याकडून रंगवून घेतलंत आणि माझ्या गळ्यात मारलंत. क्लबात खेळायला फौज मांडली तर सगळे हसले मला. नकली म्हणाले!"

"कशावरून नकली?"

"अंगठा कुठाय?"

आईने एक सैनिक उलटा केला. सैनिक ज्या चकतीवर उभा असतो तिच्या बुडाला ती लाल रंगात अंगठा उमटवायची. काम मनासारखं उतरलं तरच. इथे नुसता काळाकुळकुळीत रंग, आणि वर मुलाने छापून आणलेलं सोनेरी लेबल.

"चिरंजीव!" तिने मान न वळवता हाक मारली.

चिरंजीव आतून आले. डोक्यावर टक्कल पडलं तरी आईची ही हाक ऐकली की त्यांचे पाय आपोआप जुळत.

"तू बुजवलास?"

"अगं आई, एवढं झकपक लेबल, नवा खोका, आणि खाली अंगठा! लोक काय म्हणतील? अंगठेबहाद्दर म्हणतील."

"मी सांगत होते ह्यांना, सासूबाईंना विचारा म्हणून," दारातून सून म्हणाली.

"त्याला सांगत होतीस, मग मला सांगायला तोंडात काय ब्रश धरला होतास?"

सून आत गेली. आईचा आवाज उलट खाली आला, आणि तो खाली आला की घराला धडकी भरे.

"मला सही येते. वाकडी येते, पण येते. अंगठा मी लावते तो माझ्या मर्जीने. सही कुणीही गिरवील. हा अंगठा आणून दाखव दुसऱ्या कुणाचा! ह्याच अंगठ्याने ब्रश धरून मी तुला वाढवला, तेव्हा नाही लाज वाटली. आता वाटते होय?"

"जाऊ द्या हो," डॉक्टर घाईने म्हणाला. "आता लावून टाका, मी नेतो."

"तुम्ही थांबा! आधीच्या फौजेतला एक आणलाय ना? काढा."

डॉक्टरने खिशातून जुना सैनिक काढला. आईने तो नव्याशेजारी उभा केला आणि भिंग डॉक्टरच्या हातात कोंबलं. "दिवसभर लोकांच्या तोंडात बघता, आणि माझ्या पोरांचं बूड बघून परत आलात? तोंडं बघा त्यांची!"

डॉक्टर वाकला. दोन्ही सैनिकांची बुबुळं जराशी डावीकडे झुकलेली. घाव बाजूने येतो, म्हणून आई एकालाही सरळ समोर बघू देत नसे.

"तेच आहेत," तो पुटपुटला.

"तेच आहेत म्हणे! क्लबात जाऊन सांगा हे. मोठ्याने सांगा."

मग तिने चिरंजीवांपुढे पॉलिशपेपर फेकला. ते एकेका चकतीचं लेबल सोलून काळा रंग घासत गेले, ती मागोमाग अंगठा दाबत गेली. शेवटचा सैनिक झाल्यावर तिने अंगठा पुन्हा लाल रंगात बुडवला आणि नव्या खोक्याच्या झाकणावर, तिथे छापलेल्या सोनेरी नावाच्या ऐन मध्यावर, कचकन उमटवला.

"वाळेपर्यंत हात लावायचा नाही," ती म्हणाली. "वाळल्यावर तर मुळीच नाही."